पुलपिटावरची चार डोकी

१९९७ साल. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि गेली बारा वर्षं माझ्या पटाशीनं लाकडात एक पानसुद्धा कोरलं नव्हतं. वसईत तेव्हा जिकडं बघावं तिकडं इमारती उठत होत्या. माणिकपूरला एकेका गल्लीत चार चार सांगाडे, आणि प्रत्येक सांगाड्याला दारं लागायची. चौकट बसवायची, तयार दार टांगायचं, कडी ठोकायची, वरच्या मजल्यावर जायचं. त्या कामाला सुतार लागत नाही, हातपाय धड असलेला कोणीही चालतो. मी ते पोटासाठी केलं. कोणी विचारलं काय चाललंय, तर मान खाली घालून सांगायचो.

माझं शिक्षण चौथी. तीही गुरुजींनी पुढं ढकलली म्हणून झाली. हे लिहिताना माझी मुलगी सुनंदा शेजारी बसली आहे. ऱ्हस्वदीर्घ तिचं, बाकी सगळं माझं. दोन ठिकाणी तिनं वाक्य गोड करून पाहिलं, ते मी खोडायला लावलं.

आमचं घर हिंदू सुताराचं, पापडीजवळ. पण आजोबांपासून आमचं खरं काम ख्रिस्ती देवळांचं. इथली जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात, मीही तसंच लिहितो. वेदीचे खांब, संतांचे तुटलेले हात, क्रूस, बाकं, सगळं आमच्या घरातून गेलेलं. माझ्या वडिलांना प्रार्थना एक येत नव्हती, पण कुठला संत हातात काय धरतो हे ते झोपेत सांगायचे.

कोरीव कामाची गिऱ्हाइकं म्हणजे एकेक नमुना. जूचंद्रच्या नाटक मंडळाला दोन सिंहांचं सिंहासन हवं होतं. सिंह मी सर्कशीच्या जाहिरातीवर पाहिलेला, तेवढ्यावर कोरले. नाटकात राजा रडत होता आणि लोक हसत होते, कारण दोन्ही सिंह इनाससारखे दिसत होते. इनास माझा लहानपणचा दोस्त, मिशा अगदी तशाच. त्याचा पुढं संबंध येणार आहे. दुसरे एक साहेब माणिकपूरचे. दारावर हत्ती मागितला. मी सोंड चांगली बोटभर बाहेर काढली. दार टांगल्यावर ती उघडताना समोरच्या बिऱ्हाडाच्या जाळीच्या दाराला आपटायला लागली. साहेब म्हणाले, सोंड तेवढी कापून द्या. मी दार उचललं आणि हत्ती घरी घेऊन आलो. कोरीव कामातलं माझं ते शेवटचं गिऱ्हाईक. पुढं बारा वर्षं कोणी आलं नाही, यात माझ्या स्वभावाचा थोडा वाटा असेल.

आता पुलपीट म्हणजे काय ते सांगतो. देवळाच्या भिंतीला, माणसाच्या डोक्याच्या वर, अर्ध्या पिंपासारखा टांगलेला लाकडी सज्जा. बाजूनं अरुंद जिना. माईक नव्हते तेव्हा फादर त्यात चढून प्रवचन करायचे, म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत आवाज जायचा. आमच्या गावच्या देवळातलं पुलपीट वाळवीनं आतून पोकळ केलं होतं. बोट लावलं की पापडासारखं मोडायचं. ते उतरवलं आणि भिंतीवर नुसते चार भोकांचे डाग राहिले. माईक आल्यावर तिथं कोणी चढत नव्हतं, तरी ते डाग म्हाताऱ्या माणसांना बघवत नव्हते. नवे फादर तिशीचे, त्यांनी ठरवलं की गावच्या सणाचं प्रवचन तरी वर चढूनच करायचं. पण चढायचं कशात?

इथं पास्कल आला. हा आमच्या आळीतला, जहाजावर फिटर. त्याचं जहाज उत्तर जर्मनीत दुरुस्तीला दोन महिने गोदीत पडलं होतं. रविवारी करायचं काय, म्हणून हा चालत सुटायचा. तो सांगतो, तिथली जमीन आपल्यासारखीच सपाट, खाडीच्या काठची, फक्त थंडी हाडं फोडणारी. अशाच एका खेड्यात त्याला देऊळ उघडं दिसलं. लोक दुसऱ्या पंथाचे, पण देवळाची राखण करणाऱ्या म्हातारीनं त्याला आत घेतलं, कॉफी पाजली. आत चारशे वर्षांचं कोरीव पुलपीट. आपल्याकडं जसा साग तसा त्यांच्याकडं ओक. चार फळ्या आणि त्यावर चार संत, ख्रिस्ताचं चरित्र लिहिणारे. मत्तयजवळ देवदूत, मार्कजवळ सिंह, लूकजवळ बैल, योहानजवळ गरुड. पास्कलनं भराभर फोटो काढले आणि सुट्टीवर आल्या आल्या फादरांच्या टेबलावर मांडले.

मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर देवळाच्या सभागृहात बैठक झाली. मलाही बोलावलं होतं. इनास कमिटीवर. त्यानं मुंबईची एक कंपनी शोधून काढली होती, फायबरचं पुलपीट साच्यातून काढून देणारी. हलकं, धुता येणारं, रंग म्हणाल तो. इनास मला म्हणाला, "नाना, तुझं लाकूड वाळवी खाते. फायबरला वाळवी तोंड लावत नाही."

मी म्हटलं, "वाळवीला अक्कल आहे."

लोक हसले आणि इनासला ते लागलं. तो म्हणाला की तुझा हात आता दारं टांगण्यापुरता उरलाय, कोरायला गेलास तर संताचा पुन्हा इनास करशील. यावरही लोक हसले. मग मी उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत बोलून गेलो: जानेवारीच्या सणाला माझं पुलपीट भिंतीवर नसलं, किंवा असून बघण्यासारखं नसलं, तर तुमचं फायबरचं मी माझ्या हातानं टांगीन आणि पटाशी तिथंच ठेवून घरी जाईन. फादरांनी मान हलवली. इनास म्हणाला, "लिहून घ्या रे कोणीतरी."

लाकूड मिळालं ते पापडीच्या भाताच्या जुन्या गिरणीचं. गिरणी पाडत होते, तिच्या सागाच्या तुळया मी उचलल्या. बाहेरच्यांना वाटतं ताजं लाकूड चांगलं. ताजं लाकूड म्हणजे पोरवय, आज इकडं वाकतं उद्या तिकडं. साठ-सत्तर वर्षं छपराखाली वाळलेली तुळई जे वाकायचं ते वाकून मोकळी झालेली असते. तरीसुद्धा कोरलेली फळी चौकटीत डिंकानं चिकटवायची नाही, खिळाही मारायचा नाही. नुसती खाचेत बसवायची. पावसात ती फुगते, उन्हात आक्रसते, तिला हलायला जागा लागते. दिली नाही तर ती मधोमध फाटते आणि संताच्या छातीतून भेग जाते.

कोरायची आमची पद्धत बसून. फळी जमिनीवर आडवी, पायाच्या अंगठ्यांनी धरलेली, डावीकडं दार, दारातून उजेड. आपण वरून बघायचं आणि पटाशी पुढं ढकलायची. वडील असेच बसायचे, आजोबा असेच. गोल तोंडाची पटाशी पहिल्या दिवशी हातात घेतली तेव्हा ती परक्यासारखी वागली. आठव्या दिवशी ओळख पटली.

नमुना म्हणून पास्कलचे फोटो समोर होते, आणि त्या जर्मन सुताराच्या कामापुढं मी मान वाकवली, हे खरं सांगतो. कापडाच्या चुण्या अशा की वाटावं आता वाऱ्यानं हलतील. बोटांची पेरं मोजून घ्यावीत. पण डोकी! धडाच्या मानानं दीडपट डोकी, कासवासारख्या पुढं काढलेल्या माना, आणि कपाळं म्हणजे टेकड्या. मी भिंग लावून पाहिलं, दोरीनं मोजलं. ठरवून टाकलं की हा माणूस कापडात वस्ताद, पण मापात कच्चा. आणि ठरवलं ते पोटात ठेवलं असतं तर मी कसला. फादरांना सांगितलं, पास्कल जहाजावर जायला निघाला तेव्हा त्याला सांगितलं, चहाच्या टपरीवर सांगितलं: जर्मन मिस्त्रीची डोकी मी दुरुस्त करतोय.

दुसरी दुरुस्ती बैलाची. त्याच्या बैलाला वशिंडच नव्हतं. पाठ सपाट, जणू म्हशीचं रेडकू. मी माझ्या बैलाला चांगलं भरदार वशिंड दिलं. फादर बघायला आले आणि म्हणाले, नाना, तिकडच्या बैलांना वशिंड नसतं. मी विचारलं, हा बैल राहणार कुठं, तिकडं की वसईत? फादर हसत निघून गेले. वशिंड राहिलं.

पावसाळा गेला, दिवाळी झाली आणि चारही फळ्या तयार. सांगाडा आणि जिना मी आधीच उरकला होता. माणसं बघायला यायची. फळ्या जमिनीवर मांडलेल्या, माणसं कमरेत वाकून बघायची आणि चकित व्हायची. संतांची डोकी मापात, चेहरे शांत, दाढ्या केस न् केस मोजता येतील अशा. इनास आला, वाकून चारही दाढ्यांवरून बोट फिरवून गेला. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

नोव्हेंबरच्या शेवटी पुलपीट चढवून बघायचं ठरलं. पास्कल सुट्टीवर आला होता, त्याच्यासारखे चार जण दोर ओढायला. फादर, इनास, कमिटीची माणसं, आणि पुढं जमिनीवर आपल्या नेहमीच्या जागी सिसिलमावशी. ही ऐंशीच्या पुढची, गुडघ्यांमुळं बाकावर बसता येत नाही म्हणून खांबाला टेकून खालीच बसणारी. फळ्या खाचेत सरकवल्या, मी शिडीवरून उतरलो आणि वर पाहिलं.

माझे संत गेले होते. वर चार दाढ्या होत्या, चार पोटं होती. दाढीच्या वर नाकाची दोन दोन भोकं आणि त्यावर काही नाही. उजेड खिडकीतून खालून वर येत होता, त्यानं होते नव्हते ते डोळेही बुजवून टाकले होते. सगळ्यांत आधी सिसिलमावशी बोलली.

"नाना, ह्यांना कपाळं कुठं हायेत? नुसत्या दाढ्याच टांगल्यास."

इनास टोमणा मारेल म्हणून मी दात आवळून उभा होतो. त्यानं त्याहून वाईट केलं, समजूत घातली. म्हणाला, रंग दिला की दिसतील रे. फादर म्हणाले, पुलपीट हातभर खाली घेऊ या. मी म्हटलं, माझ्या कामापायी देवळाच्या भिंतीला नवी भोकं पाडायची नाहीत. आणि मी जाऊन सिसिलमावशीच्या शेजारी जमिनीवर बसलो.

खाली बसल्यावर मला पहिल्यांदा प्रश्न पडला. पास्कलला विचारलं, "ते फोटो काढताना तू कुठं उभा होतास?"

"शिडीवर. म्हातारीनं शिडी दिली ना. समोरासमोर बरे आले."

"खालून एकही नाही काढलास?"

"एक काढला. हलला होता, म्हणून तुला दिला नाही."

तो घरी जाऊन फोटो घेऊन आला. हललेला, अंधारा. पण त्यात ते चारही संत होते. डोकी मापात. कपाळं जिथं असायची तिथं. माना पुढं काढलेल्या होत्या त्या कासवासारख्या नव्हत्या, प्रवचन ऐकायला खाली बसलेल्या माणसाकडं वाकून बघत होत्या. त्या जर्मन मिस्त्रीला ठाऊक होतं की बघणारा खाली असणार. खालून बघताना छाती आणि दाढी पुढं येते, डोकं मागं पडून लहान होतं. म्हणून त्यानं आधीच डोकं मोठं केलं होतं, पुढं झुकवलं होतं. चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसानं माझ्या कानाखाली वाजवली, तीही भरल्या देवळात.

सणाला सहा आठवडे राहिले होते. एक फळी कोरायला मला महिना लागला होता. इनास म्हणाला, डोकी तेवढी नवी करून वर चिकटव. मी म्हटलं, जोडलेली मान कधीतरी सुटते, आणि ती नेमकी प्रवचनात सुटेल. फळ्या नव्यानं कोरायच्या. पण गिरणीचं लाकूड संपलं होतं. एकच तुळई उरली होती, सुनंदाच्या लग्नातल्या कपाटासाठी राखून ठेवलेली. मी तिला काही विचारलं नव्हतं. सकाळी उठून बघतो तर तुळईवर ठेवलेली भांडी तिनं उतरवून ठेवलेली. म्हणाली, "बाबा, कपाट लोखंडी चालेल." हे वाक्य ती आत्ता खोडायला सांगते आहे. खोडणार नाही.

मी फळी भिंतीला टांगली, देवळातल्याएवढ्या उंचीवर, आणि शिडीवर उभा राहून कोरायला लागलो. जन्मभर बसून काम केलेल्या माणसाला उभ्यानं कोरणं म्हणजे डाव्या हातानं जेवणं. हाताचं वजन पटाशीवर पडेना. मान आखडली. प्रत्येक ठोक्याला कपच्या डोळ्यांत यायला लागल्या. पास्कलनं जहाजावरचा चष्मा आणून दिला, काचेचा, रबरी पट्ट्याचा. तो घालून मी बेडकासारखा दिसायचो. शिवाय दर पाच मिनिटांनी उतरायचं, जमिनीवर बसायचं, वर बघायचं, पुन्हा चढायचं. दोन दिवसांत माझे गुडघे गेले.

तिसऱ्या दिवशी इनास आला. थट्टा करायलाच आला होता, दिवस मोजून दाखवले. मग खाली बसला आणि वर बघत म्हणाला, नाक आहे, डोळा नाही. मी पाव बोट लाकूड काढलं. तो म्हणाला, अजून नाही. पुन्हा काढलं. म्हणाला, आता आला. दुसऱ्या दिवशी तो स्वतःचं पोतं घेऊन आला बसायला. तिथून रोज. खालून इनास ओरडायचा, दाढी तोंडाला खाते, कान फार झाला, आता हा कोणावर तरी चिडलाय. मी वरून शिव्या द्यायचो आणि तो सांगेल तसं काढायचो. त्याची नजर चांगली होती, हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. तो आता नाही, म्हणून इथं लिहितो.

या वेळी दाढीचा केस न् केस कोरला नाही. चार खोल रेघा, बस. केस खालून दिसतच नाहीत, खालून सावली दिसते. बारीक कामाचा माझा सगळा तोरा त्या एका महिन्यात उतरला. आणि हात इतका झपाट्यानं चालला की एक फळी नऊ दिवसांत व्हायला लागली. शेवटची, मार्कची, सणाच्या तीन दिवस आधी खाचेत गेली.

सणाच्या दिवशी देऊळ बाहेरच्या मांडवापर्यंत भरलेलं. मी मागं दाराशी उभा होतो, चपला हातात. तिथं कोणी चपला काढत नाही, पण मला देवळात चपला घालून शिरता येत नाही. फादर जिना चढले, सज्ज्यात उभे राहिले आणि बोलायच्या आधी थांबले. म्हणाले, "माझ्याकडं नंतर बघा. आधी माझ्या पायाखाली कोण उभं आहे ते बघा." सगळ्या देवळाच्या माना वर गेल्या. मी संतांकडं नाही बघितलं. मी माणसांकडं बघत होतो. तोंडं उघडी पडली होती. एक बाई पदर सावरायची थांबली ती थांबलीच. फादरांनी माझं नाव घेतलं, वडिलांचं आणि आजोबांचंही घेतलं. देवळात टाळ्या वाजवत नाहीत. त्या दिवशी वाजल्या.

मिस्सा झाल्यावर मी पुढं गेलो, सिसिलमावशीपाशी. ती वर बघतच होती. मी विचारलं, मावशी, कपाळं दिसली का? ती म्हणाली, "दिसली. आता तिथवरची धूळ कोन पुसनार?"

इनास सगळ्या बाकांवर बसून बघत फिरत होता. डावीकडं, उजवीकडं, पार मागं. शेवटी माझ्याकडं आला. "नाना, कुठंही बसलो तरी हा मार्क माझ्याकडंच बघतो रे. मेल्याचं माझ्याशी काय वैर आहे?" मी म्हटलं, नऊ दिवस तू त्याच्यात खोड्या काढल्यास, विसरेल कसा? मग त्यानं कमिटीच्या माणसांसमोर, मोठ्यानं, फायबरवाल्यांना नको म्हणून कळवतो असं सांगितलं. आणि बाहेर जाऊन बँडवाल्यांना माझ्यापुढं उभं केलं. वसईचा बँड, पितळी कर्णे, मोठा ढोल. दाराशी मी चपला हातात घेऊन उभा आणि माझ्यापुढं बँड वाजतोय, नवरदेवासमोर वाजतो तसा. इनासनं माझ्या हातातल्या चपला काढून घेतल्या आणि खाली ठेवल्या. म्हणाला, घाल आता, फोटो काढायचाय.

एक रुखरुख आहे. उभ्यानं, खालून बघून कोरायची ती रीत मी कोणाला शिकवू शकलो नाही. शिकायला कोणी आलंच नाही. आता हात कापतो, मशीन तासाभरात संत काढून देतं, आणि ते संत समोरून सुरेख दिसतात.

सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून सुनंदाला वही घेऊन बसवलं. पास्कलकडून त्या खेड्यातल्या देवळाचा पत्ता आणला होता. पत्र इंग्रजीत लिही म्हटलं. तिनं विचारलं, "नाव कोणाचं घालू? तो माणूस चारशे वर्षांपूर्वी गेला, बाबा." मी म्हटलं, नाव ठाऊक नाही तर मिस्त्री लिही. ती लांबलचक काही लिहायला निघाली होती, आभार वगैरे. मी थांबवलं आणि सांगितलं तेवढंच लिहून घेतलं: तुमची डोकी मोठी आहेत असं मी गावभर सांगितलं. ती बरोबर होती. चूक माझी होती.

जन्मात मी कोणाला असं म्हटलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. ते पाकीट घेऊन मी पापडीच्या पोस्टात गेलो, तिकिटं लावली आणि पेटीत टाकलं.